बिडाचा नांगर

पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. वर्कशॉपच्या तासाला सर लेथ मशीनचे भाग सांगत होते. हेडस्टॉक, टेलस्टॉक, कॅरेज... सगळे वहीत लिहून घेत होते आणि माझं लक्ष मशीनवरच्या पाटीकडे होतं. ऑइलने काळी पडलेली ती छोटी पाटी मी बोटानं पुसली. नाव निघालं किर्लोस्कर. हे नाव आपण कुठंतरी वाचलंय एवढं पक्कं आठवत होतं. कुठं, ते जर्नल पूर्ण करताना रात्री हॉस्टेलवर आठवलं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर!

मी पाटोदा तालुक्यातला. आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव रिकामं होतं. मुकादमाची उचल घ्यायची, कोयता घ्यायचा आणि कारखान्याला जायचं, ते एकदम उन्हाळ्यात परत यायचं. माझे आईवडील, थोरला दादा आणि मी, आम्ही चार वर्षं सांगली जिल्ह्यात कुंडल-पलूस भागात होतो. आमच्या कोपीपासून थोड्या अंतरावर रेल्वेलाईन होती. मी तेव्हा तिसरीत. शाळा गावाकडं राहिलेली, म्हणून दादा मला दिसेल ते वाचायला लावायचा. किर्लोस्करवाडी हा शब्द मी जोडाक्षरं फोडत फोडत वाचला. आईला विचारलं ही कुणाची वाडी, तर तिला वाटलं कुण्या मोठ्या जमीनदाराची असेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

पुढं कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं तेव्हा कळलं की ती वाडी एका ड्रॉइंग मास्तरची होती. आणि तो मास्तर आधी चित्रकार व्हायला निघाला होता.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील वेदान्ताचे जाणकार. घरात पोथ्या आणि या मुलाला पाठांतराचा कंटाळा. चित्रं काढायची आणि यंत्रं बघत बसायची एवढीच आवड. आजच्या भाषेत सांगायचं तर टक्केवारीत न बसणारा विद्यार्थी. १८८५ मध्ये सोळाव्या वर्षी थोरले भाऊ रामुअण्णा यांच्या मदतीनं त्यांनी मुंबई गाठली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. दोन वर्षांत कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार?

मित्रांनो, आपल्यातले कितीजण सीईटीत दोन मार्क कमी पडले म्हणून वर्षभर तोंड पाडून बसतात! लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पेन्सिल मात्र सोडली नाही. यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि नुकत्याच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. नोकरी ड्रॉइंगची, पण रिकामा वेळ सगळा वर्कशॉपमध्ये. यंत्र खोलायचं, जोडायचं, पुस्तकातून पडताळून बघायचं. त्यांच्याकडं इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. जे शिकले ते शिकवता शिकवता आणि हात काळे करून.

याच काळात, १८८८ मध्ये, बेळगावला किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात विकायचे. आज हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या उद्योगसमूहाचं मूळ म्हणजे हे सायकलचं दुकान. पुढं बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावचा रस्ता धरला.

इथं मला थोडं घरचं सांगायचंय, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

माझा दादा दहावी नापास. मी इथं शिकावं म्हणून त्यानं लग्नानंतरही वहिनीसोबत सहा हंगाम कोयता चालवला. पाठ धरली तेव्हा काहीतरी धंदा करायचा असं डोक्यात घेतलं. आपल्या बीड जिल्ह्यात, तसं बहुतेक जिल्ह्यांत, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. ही कल्पना मूळची कर्नाटकातली, १९८२ साली उजिरे इथं सुरू झालेली. पुढं केंद्र सरकारनं बँकांकडून ती जिल्ह्याजिल्ह्यात नेली. शिकणं फुकट, राहणं-जेवणं फुकट. दादानं तिथं महिनाभराचं मोटार रिवाइंडिंगचं शिक्षण घेतलं. परत आला तेव्हा मला त्याच्या प्रशिक्षणातल्या खेळांचं हसू आलं होतं. लांबून खुंटीवर रिंग टाकायची, डोळे बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचायचा! पण दादा गंभीर होता. रिंग टाकताना कोण अगदी जवळून टाकतो, कोण उगीच फार लांबून टाकतो आणि कोण आपल्याला झेपेल तेवढं अंतर धरतो, यावरून धंद्यात कोण किती जोखीम घेईल ते कळतं म्हणे.

गावाच्या फाट्यावर पत्र्याचं शेड मारून त्यानं दुकान टाकलं. कर्जाची फाईल एका बँकेनं तीनदा परत पाठवली. सरकारी योजनेत ग्रामीण भागात प्रकल्पाच्या पंचवीस टक्के, काही गटांना पस्तीस टक्के अनुदान असतं. पण ते हातात येत नाही, तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं, हे त्याला फाईल फिरवतानाच कळलं. शेवटी वहिनीचे डोरले मोडून वायर आणि वाइंडिंगचं हातमशीन आणलं. आणि पहिल्याच महिन्यात एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटार आठ दिवसांत पुन्हा जळून आली. चार माणसांत शिव्या खाव्या लागल्या. त्या रात्री दादाचा फोन आला. मुकादम येऊन गेला होता, जोडीची उचल द्यायला तयार होता. मी काय बोलावं ते मला सुचेना. मी त्याला लक्ष्मणरावांच्या नांगराची गोष्ट सांगितली.

बेळगावला आल्यावर लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं. आपण ज्याला कडबाकुट्टी म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. आजूबाजूला सगळी शेती लाकडी नांगरावर. लाकडी नांगर जमीन उकरतो, पलटत नाही, आणि हरळी-कुंद्याची मुळं तशीच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ उलथं करतो. परदेशी नांगर समोर ठेवून, आपली जमीन आणि आपले बैल बघून त्यांनी तो बनवला. माल चांगला, किंमत रास्त. आणि गिऱ्हाईक?

एकही नाही. लोखंडानं जमीन नासते, तिच्यात विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. एक नग, दोन वर्षं!

दादा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, दोन वर्षं तो माणूस खात काय होता? प्रश्न मला आवडला, कारण चरित्रं लिहिणारे तिथं फार थांबत नाहीत. उत्तर असं आहे की सायकलचं दुकान होतं, कडबा कापायची यंत्रं होती आणि पाठीशी भाऊ होता. नांगर विकला जाईपर्यंत घर दुसऱ्या कामावर चाललं. दादाला तेवढं पुरलं. त्यानं शेडमध्ये मिक्सर आणि पंखे दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. जळालेली मोटार उघडून बघितली तर वार्निश नीट वाळायच्या आत त्यानं ती घाईनं परत दिली होती. मोटार फुकटात पुन्हा भरून दिली आणि स्वतः विहिरीवर नेऊन बसवली. तिथं मीटर लावून बघितलं तर व्होल्टेजही पडत होतं. आता तो मोटार घेतानाच किती व्होल्टेज येतं, तार किती लांब आहे, सगळं विचारतो.

लक्ष्मणरावांचं बस्तान बसतंय न बसतंय तोच बेळगाव नगरपालिकेनं वस्तीच्या योजनेसाठी त्यांची जागा मागितली. कारखाना उचलून न्यायचा कुठं? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळाची जमीन दिली, वर बिनव्याजी कर्जही दिलं. १० मार्च १९१० रोजी तिथं वाडी वसली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं, भोवती निवडुंग आणि नाग. पाण्यापासून सगळ्याची बोंब. पुढं त्या स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. मी तिसरीत वाचलं ते.

तेव्हा आयटीआय नव्हत्या. कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना आली १९५० मध्ये. मग त्या माळावर फिटर, मोल्डर, टर्नर आणले कुठून? लक्ष्मणरावांनी ते तिथंच तयार केले. शाळेत नापास झालेले के. के. कुलकर्णी वाडीचे व्यवस्थापक झाले, बाहेरचे सगळे व्यवहार सांभाळायला लागले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक इंजिनिअर झाले. शंभोराव जांभेकर वाडीची बांधणीही बघायचे आणि आरोग्यही. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या दोन माणसांना त्यांनी वाडीच्या राखणीला ठेवलं आणि त्या दोघांनी ती राखण इमानानं केली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हाही नियमच. विचार करा, हे १९१० च्या आसपासचं आहे!

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळशाची टंचाई झाली, त्यातूनही कारखाना तगला. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप आले. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन आला. १९४१ मध्ये हरिहरला लेथचा कारखाना निघाला. आमच्या वर्कशॉपमधलं मशीन तिथलंच. तो कारखाना आता बंद पडलाय, मशीन मात्र अजून चालतंय. १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांचं टपाल तिकीट निघालं.

खरं सांगायचं तर प्रत्येकाच्या मागं औंधचा राजा नसतो. रामुअण्णांसारखा भाऊही सगळ्यांना मिळत नाही. राजानं जमीन आणि बिनव्याजी पैसा दिला नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण राजानं दिलं कुणाला? ज्याच्या हातात वीस वर्षांचं काम होतं त्याला. आणि राजा नसेल तर त्याचं काम आज प्रशिक्षण संस्थेनं, बँकेनं आणि गावानं मिळून करायला पाहिजे, असं मला वाटतं. दादाच्या प्रशिक्षणात मला आवडलेली गोष्ट अशी की महिना संपला म्हणून संस्था हात झटकत नाही. पुढं दोन वर्षं पाठपुरावा करायचा असा तिचा नियमच आहे. पहिला नांगर विकायला लागली तेवढीच दोन वर्षं! ही दोन वर्षं ज्यानं काढली त्याचा धंदा उभा राहतो. बहुतेकजण तिथंच कोयता परत हातात घेतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. घरात चूल पेटायची असते.

आपल्या मराठीत ओतीव लोखंडाला बीड म्हणतात. बिडाचा तवा आपल्या घराघरात आहे. कास्टिंगच्या तासाला सरांनी सांगितलं की बीड कठीण असतं, पण ठिसूळही असतं. रस कसा ओतला आणि कसा थंड केला यावर ते टिकणार की तडकणार हे ठरतं. किर्लोस्करांनी बिडाचा नांगर केला. आपल्या बीडच्या पोरांचंही तसंच काहीसं आहे. कष्टाला कमी नाहीत, पण निवायला वेळ दिला नाही तर पहिल्याच दगडाला तडकतात.

यंदा दसऱ्याला मुकादम पुन्हा आला होता. दादानं त्याला चहा पाजला आणि त्याचाच जळालेला पंखा दुरुस्तीला ठेवून घेतला. उचल घेतली नाही. वहिनी आता शेडमध्ये बसून कॉइल भरते, आणि दादापेक्षा तिचा हात साफ आहे असं गिऱ्हाईकंच म्हणतात. दुकान टाकून पुढच्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. डोरले अजून सोडवून आणायचे आहेत, म्हणजे नवेच करायचे आहेत.

सुट्टीत मी शेडमध्ये जाऊन बसतो. इंजिनिअर होणारा मी, दादा मला वायरची गेज विचारतो आणि माझं उत्तर बऱ्याचदा चुकतं. तेव्हा तो हसत नाही, नुसतं मायक्रोमीटर माझ्या हातात देतो.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी