राजा गेला, तिकीट आलं

गॅदरिंगच्या कमिटीत तीन वर्षं काढल्यावर मी घरी सांगून टाकलं की इंजिनिअरिंग पूर्ण करीन, पण पुढे इव्हेंट मॅनेजमेंट आणि मार्केटिंगमध्येच जाणार. बाबांनी एवढंच विचारलं, की त्याचे पैसे कोण देतं? प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या शिरोड्यात माऊलीच्या जत्रेत दशावतार रात्रभर रंगतो. पेटारा येतो, राजे आणि राक्षस भांडतात, आणि पहाटेपर्यंत बसून बघणाऱ्याला एक पैसा पडत नाही. खर्च गावाचा. मराठी नाटकाचा खर्च बघणाऱ्याच्या खिशातून काढून दाखवला तो सांगलीच्या विष्णू अमृत भावे यांनी, म्हणजे आपले विष्णुदास भावे.

सुरुवात मात्र त्यांचीही फुकटच्या खेळाने झाली. उत्तर कानडातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. दशावताराचे चुलतभाऊच म्हणा. ते बघून सांगली संस्थानचे राजे चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णूला सांगितलं, असंच पण जास्त नेटकं काहीतरी मराठीत कर. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' झालं. पदं रचणं, सोंगं सजवणं, तालमी घेणं, सगळं भाव्यांच्या अंगावर. सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. पैशांची चिंता नव्हती. हल्लीच्या भाषेत टायटल स्पॉन्सर एकच, दरबार!

१८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि दरबारचा हात आखडला. आमच्या टेकफेस्टला एका स्पॉन्सरने आठवडाभर आधी हात वर केले तेव्हा आम्ही दोन रात्री झोपलो नव्हतो. इथे तर अख्खी मंडळी पोसायची होती, आणि डोक्यावर कर्ज. त्यातून नाटकात सोंग घेणाऱ्याकडे त्या काळी लोक काही बऱ्या नजरेने बघत नसत. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि मुंबईपर्यंत पोचले.

तो प्रवास डोळ्यांपुढे आणून बघा. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि बोरघाटातून रेल्वे जायला १८६३ उजाडलं. भाव्यांचा ग्रँट रोड थिएटरातला खेळ मार्च १८५३ चा! म्हणजे माणसं, कपडे, दागिने, राक्षसांचा सरंजाम, सगळं रेल्वेशिवाय घाट उतरून आलेलं. थिएटर नाना शंकरशेठांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये उभं राहिलेलं, मुख्यतः इंग्रजी नाटकांसाठी. तिथे मराठी खेळ लावायचा आणि दारावर तिकीट घ्यायचं, ही खरी छाती. जत्रेत फुकट दिसणारी रामायणातली गोष्ट पैसे मोजून कोण बघणार, असं त्यांनाही वाटलं असेलच. पण लोक आले.

आणि माणूस तिथे थांबला नाही. मुंबईत मराठी न कळणारा प्रेक्षक भरपूर, म्हणून त्याच वर्षी 'राजा गोपीचंद' हा खेळ हिंदीत केला. याला मार्केटिंग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पारशी नाटक मंडळीचा पहिला खेळही त्याच वर्षी, त्याच थिएटरात झाला. एकूण धंदा दिसू लागला होता.

धंदा दिसला की दुसरे येतातच. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या. भाव्यांना अडवायला साधन काय होतं? गोष्ट पुराणातली, म्हणजे सगळ्यांची. संवाद लिहिलेले नाहीत. ज्याला पदं पाठ आणि चार माणसं हाताशी, तो उद्या स्वतःची मंडळी काढू शकत होता. मला वाटतं, यातली बाजारपेठ त्यांनी उभी केली, पण ती राखायचं हत्यार त्या काळी कोणाकडेच नव्हतं.

१८६० नंतर दोन-तीन वर्षांतच त्यांनी मंडळीचा व्याप आवरला आणि ते सांगलीत स्थिरावले. लाकडी बाहुल्या करण्याचाही त्यांना नाद होता. पुढे त्या बाहुल्या रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. भाव्यांच्या पदांचा संग्रह छापून निघाला तो १८८५ मध्ये. तोवर ती पदं किती मंडळ्यांनी गाऊन तिकिटं विकली असतील, कोण जाणे. ९ ऑगस्ट १९०१ ला ते वारले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या त्या फुकटच्या खेळाचा दिवस. तिकिटाच्या दिवसाचा नाही.