पालवणकर बंधू : मोठा कोण, बाळू की विठ्ठल?

भीमजयंती जवळ आली की वसई-विरार पट्ट्यातील वस्त्यावस्त्यांमध्ये दोन कामांची लगबग सुरू होते. एक वर्गणीची आणि दुसरी क्रिकेट सामन्यांची. टेनिस बॉलचे हे सामने म्हणजे आमच्या तरुणांचा जीव की प्राण. नालासोपाऱ्याच्या एका वस्तीत अशाच सामन्यांच्या तयारीची बैठक होती. चषकाला कोणाचे नाव द्यायचे, हा विषय निघाला. वाचणाऱ्या एका तरुणाने बाळू पालवणकरांचे नाव सुचविले. दुसरा म्हणाला की बाळूंपेक्षा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल मोठे, कारण ते कर्णधार झाले. दोघांचा वाद रंगात आला असतानाच एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले आणि त्यांनी एकच सवाल केला. जो माणूस 1937 साली खुद्द बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला, त्याचे नाव भीमजयंतीच्या चषकाला द्यायचे काय? बैठक तेथेच थांबली.

सवाल साधा नाही. त्याला भावनेच्या भरात होय किंवा नाही असे उत्तर देऊन चालणार नाही. त्यासाठी आधी इतिहास माहीत असला पाहिजे. आणि आपला इतिहास आपणच वाचला नाही, तर दुसरे लोक तो आपल्याला सोयीस्कर करून सांगतात, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

बाळू पालवणकर यांचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव पडले ते कोकणातील पालवण या गावावरून. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ. पुण्यात गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर पोरे खेळ शिकत. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशी लोकांच्या एका क्लबात. झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला. जाळी बांधायची, चुन्याच्या रेषा मारायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

हे चेंडू टाकणे त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. तो सरावाला इतरांच्या आधी येई आणि तासन्‌तास बाळूंना चेंडू टाकायला लावी. बाळूंनी त्याला बाद केले की तो आठ आणे देत असे, अशी कथा सांगितली जाते. डाव्या हाताने टाकलेला तो मंदगती फिरकी चेंडू अशा शेकडो तासांच्या मेहनतीतून घडला. पण एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. इतकी वर्षे साहेबांना चेंडू टाकणाऱ्या बाळूंच्या हाती त्या क्लबात बॅट मात्र कधी दिली गेली नाही. गोलंदाजी ही मजुरी आणि फलंदाजी ही साहेबी, अशी ती वाटणी होती. श्रम कोणी करायचे आणि मान कोणी घ्यायचा, हे ठरवणारी चातुर्वर्ण्याची रीत मैदानावरही सुटली नव्हती.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते, पण ते अस्पृश्य. क्लबातील तेलुगू सभासद त्यांना घ्या म्हणत होते, तर ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर बाळूंना घेतले गेले. कसे घेतले? मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सवर्णांच्या हातात चालत असे. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या मडक्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. हात-तोंड धुवायचे असेल तर पाणी ओतायला अस्पृश्य नोकरच लागे. चामड्याचा चेंडू विटाळत नव्हता, तो टाकणाऱ्याची सावली विटाळत होती! या मंडळींना बाळूंचे विकेट हवे होते, बाळू नको होते.

1896 साली पुण्या-मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्यानंतर बाळू मुंबईला आले. येथे त्यांना परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळाला, तोही काही सभासदांचा विरोध मोडून काढल्यावर. पोटासाठी त्यांनी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली आणि त्या कंपनीच्या संघाकडून ते खेळू लागले. आपल्या वाचकांना ही रेल्वे परकी नाही. 1867 साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सोडली ती याच कंपनीने, आणि 1951 साली तीच पश्चिम रेल्वे झाली. आज विरार लोकलच्या दारात लटकत, पाठीवर क्रिकेटचे किट सांभाळत चर्चगेटच्या मैदानांकडे जाणारी पोरे ज्या रुळांवरून जातात, त्या रुळांच्या मालकाकडे आपला हा पूर्वज चाकरीला होता.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियन 191 आणि 102 धावांत बाद झाले. हिंदू 109 धावांनी जिंकले. या विजयात बाळूंनी आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला. ज्यांच्या घरात बाळूंना उंबऱ्याच्या आत घेतले नसते, त्यांनीही तो साजरा केला.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तिशीला आले होते. संघ एकामागून एक सामने हरत होता. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात एकूण 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत आठ. लिस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात अकरा, आणि तो सामना भारताने जिंकला. ते परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यावेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या एका महाविद्यालयीन तरुणाने तयार केले, अशी नोंद अभ्यासक करतात. त्या काळात अस्पृश्य समाजातील देशभर माहीत असलेले नाव हे बाळूंचेच होते, हे आपण विसरता कामा नये.

आता विठ्ठल यांच्याकडे वळू. विठ्ठल हे भावांमधले सर्वात धाकटे आणि उत्तम फलंदाज. ज्या घरातील थोरल्याला बॅट दिली गेली नाही, त्या घरातील धाकटा हिंदू संघाचा आधारस्तंभ फलंदाज झाला. विठ्ठल यांचा पक्ष घेणारे म्हणतात की बाळू कितीही मोठे गोलंदाज असले तरी ते कर्णधार झाले नाहीत. विठ्ठल झाले. 1923 साली त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. अस्पृश्याचा स्पर्श टाळणाऱ्या समाजाने अस्पृश्याला खांद्यावर घेतले, यापेक्षा मोठा पराक्रम कोणता? शिवाय 1948 साली विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. ते लिहिले नसते तर पालवणकर बंधूंचा इतिहास आपल्याला किती समजला असता?

हा युक्तिवाद कमी वजनाचा नाही. पण विठ्ठल कर्णधार झाले ते कसे, हे पाहिले पाहिजे. बाळू संघातील सर्वात अनुभवी खेळाडू असूनही वर्षामागून वर्षे कर्णधारपद सवर्णांकडे राहिले. 1913 साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी जाहीर सत्कारात कबूल केले की हा मान खरे तर बाळूंचा होता. कबुली मिळाली, पद मिळाले नाही. 1920 साली बाळूंना संघातूनच वगळले गेले. पै आजारी पडल्यावर ज्येष्ठतेने विठ्ठल यांचा हक्क असताना तो डावलून दि. ब. देवधरांना पुढे करण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे आमच्यावर अन्याय होतो आहे असे जाहीर निवेदन काढले. वृत्तपत्रांतून गदारोळ झाला. निवड समितीला माघार घ्यावी लागली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावले गेले, दोघे भाऊ परत आले आणि बरे होऊन आलेल्या पैंनी काही काळ मैदान सोडून नेतृत्व बाळूंच्या हाती दिले. बाळूंना कर्णधारपद मिळाले ते एवढेच, उसने!

चळवळीच्या वाचकाने हे साल पाठ करून ठेवावे. 1920. याच वर्षी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. इकडे मुक्या समाजाला वाचा फुटत होती आणि तिकडे दोन भाऊ बॅट खाली ठेवून अन्यायाला अन्याय म्हणत होते. 1923 चे कर्णधारपद कोणाच्या उदारपणातून आलेले नाही. बाळूंच्या गोलंदाजीने दार ठोठावले आणि भावांच्या बहिष्काराने ते उघडले. म्हणून संघासाठी मोठा कोण असे कोणी मला विचारले तर मी बाळू म्हणेन. ते नसते तर 1906 चा विजय नसता. पण समाजासाठी सर्वात मोठा डाव कोणता असे विचारले तर मी 1920 चा नकार म्हणेन. तो डाव विठ्ठल आणि शिवराम यांचा.

येथे ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या सवालाला भिडणे भाग आहे. बाळूंचे पुढचे राजकारण आपल्या विरोधातले होते. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्या बाजूने, बाबासाहेबांच्या विरुद्ध गेले. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1935 च्या येवला येथील धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. 1937 साली मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. बाबासाहेब विजयी झाले.

हे सत्य लपवू नये. पण ते अर्धेही सांगू नये. हिंदू संघाला पंधरा वर्षांत बाळू कर्णधारपदाला लायक वाटले नाहीत. तेच बाळू काँग्रेसला बाबासाहेबांना पाडण्यासाठी मात्र एकदम लायक वाटले! चर्मकार समाजातील लाडका खेळाडू महार समाजात जन्मलेल्या नेत्याविरुद्ध उभा करायचा आणि अस्पृश्यांची एकजूट जातीजातीत फोडायची, हा डाव कोणाचा होता हे सांगायची गरज नाही. आजही राखीव जागांवर तोच डाव खेळला जातो. बाळूंची चूक एवढीच की ज्या सवर्ण समाजाने आपल्याला खांद्यावर घेतले, तो आपल्याला घरातही घेईल असा विश्वास त्यांनी ठेवला. बाबासाहेबांना तसा विश्वास नव्हता. इतिहासाने कोणाला खरे ठरविले, ते आपण जाणतो.

अमेरिकेतील निग्रो समाजाकडे पाहा. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून बेसबॉलच्या मैदानात उतरला आणि गोऱ्यांच्या साखळीतील वर्णभेदाची भिंत फुटली. याच रॉबिन्सनने 1949 साली सरकारी चौकशी समितीपुढे पॉल रोबसन या लढवय्या काळ्या कलावंताच्या विरोधात साक्ष दिली. 1960 साली त्याने निक्सनचा प्रचार केला. काळ्या चळवळीतील अनेकांनी त्याच्यावर कठोर टीका केली. परंतु त्यांनी रॉबिन्सनला गोऱ्यांच्या हवाली केले नाही. त्याची चूक चूक म्हणून नोंदवली आणि त्याचा पराक्रम आपला म्हणून जपला.

आपण काय केले? 4 जुलै 1955 रोजी बाळू गेले, त्यानंतर आपण त्यांना विसरलो आणि क्रिकेटवाल्यांनीही विसरून टाकले. 2001 साली ‘लगान’ चित्रपट आला, त्यात कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज दाखवला. त्याचा चेंडू फिरतो तो हाताच्या व्यंगामुळे, आणि संघात त्याला जागा मिळते ती सवर्ण नायकाच्या कृपेने. बाळूंचा चेंडू व्यंगामुळे फिरत नव्हता, तो वर्षानुवर्षांच्या कष्टाने फिरत होता. आपण आपला बाळू सांगितला नाही, म्हणून त्यांनी आपल्याला कचरा दाखवला. 2002 साली रामचंद्र गुहा यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहून बाळूंना पुन्हा उजेडात आणले. ते काम आपल्या लेखण्यांनी आधीच करायला हवे होते.

म्हणून नालासोपाऱ्याच्या त्या तरुणांना माझे सांगणे आहे. ज्या सोपाऱ्याच्या मातीत सम्राट अशोकाचे शिलालेख आणि बुद्धाचा स्तूप सापडला, त्या मातीवर तुम्ही खेळता. चषकाला पालवणकर बंधूंचे नाव द्या. एका भावाचे नको, चौघांचे द्या. उत्तम गोलंदाजाचे बक्षीस बाळूंच्या नावाने आणि उत्तम कर्णधाराचे विठ्ठल यांच्या नावाने द्या. बक्षीस समारंभात 1906 चे आठ बळी सांगा, 1920 चा नकार सांगा, आणि 1937 चा निकालही त्याच मंचावरून मोठ्याने वाचून दाखवा. म्हणजे खेळणाऱ्या पोरांना कळेल की मैदानावर मिळालेल्या टाळ्या म्हणजे समता नव्हे. समतेचा सामना मैदानाबाहेर खेळावा लागतो आणि त्या सामन्याचा कर्णधार कोण हे आपल्या समाजाने 1937 सालीच ठरविले आहे.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांनाही विनंती आहे. बाबासाहेबांशी मतभेद असलेल्या आपल्याच माणसाचा इतिहास सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. तो सांगितला नाही, तर आपण मात्र लहान होतो.

जयभीम!