साने गुरुजी आणि पंढरीचे दार

या अंकात साने गुरुजींचे चरित्र घ्यायचे की नाही, यावर आमच्या मंडळींत दोन बैठका झाल्या. ते फडकरी नव्हते, कीर्तनकार नव्हते, खांद्यावर पताका घेऊन आळंदीपासून चालत आलेले नव्हते. मग वारकऱ्यांच्या पुस्तकात त्यांचे काय काम, असा प्रश्न काहींनी केला, आणि प्रश्न रास्तच होता. पण शंभर वर्षांची हकिगत लिहायला बसलो, जुन्या वह्या काढल्या, आणि आम्हालाच दिसून आले की त्यांना वगळले तर आमची हकिगत खोटी होते. का, ते पुढे येईलच.

गुरुजींचे पाळण्यातले नाव पांडुरंग. पांडुरंग सदाशिव साने. जन्म 24 डिसेंबर 1899 चा, कोकणात दापोलीजवळच्या पालगडचा. घर एकेकाळी खोताचे, पण गुरुजींना कळू लागले तोवर वैभव गेलेले आणि कर्ज तेवढे राहिलेले. वडील कष्टी, आई यशोदाबाई फार शहाणी. ही आई आपल्या साऱ्यांना ठाऊक आहे, कारण गुरुजींनी तिच्यावर 'श्यामची आई' लिहिले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत. आमच्या गावात ज्या घरात पोथीशिवाय दुसरे पुस्तक नव्हते, तिथेसुद्धा हे पुस्तक आले नि बायाबापड्यांनी डोळे पुसत ऐकले.

त्यातली एकच गोष्ट इथे काढतो. एक म्हातारी महारीण लाकडाची मोळी डोक्यावर घेऊ पाहते आणि तिच्याच्याने होत नाही. आई पोराला सांगते, जा, हात लाव, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. पोरगा जातो, मोळी उचलून देतो. बघणारे नाक मुरडतात ते मुरडतातच. आता नीट पाहा. आईने आंघोळ कर असेही सांगितले आहे. म्हणजे रूढी तिनेही सोडली नव्हती, पण रूढीच्या भयाने म्हातारीला उन्हात उभी ठेवली नाही. मुलाने पुढे एवढेच केले की आंघोळीची गरज नाही हे ओळखले. त्याला तिथवर यायला तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि आम्हाला त्याहून जास्त.

शिक्षण फार हालात झाले. दापोली, औंध, पुणे असे फिरत, कुठे वार लावून, कुठे अर्धपोटी. आई 1917 साली गेली. पुढे एम. ए. होऊन गुरुजी खानदेशात अमळनेरला आले. अमळनेर म्हटले की आपल्याला सखाराम महाराजांची वारी आठवते. त्या गावच्या शाळेत ते 1924 पासून मास्तर झाले आणि मुलांच्या वसतिगृहाचा कारभारही पाहू लागले. पोरांच्या खोल्या झाडाव्यात, मळके कपडे गुपचूप धुऊन वाळत टाकावेत, कुणी तापाने पडला तर रात्र उशाशी काढावी. छडी न मारता पोरे वळणावर आली, ती याने. मीठ सत्याग्रहाची हाक आली तेव्हा 1930 साली नोकरी सोडून ते बाहेर पडले, ते पुन्हा मास्तर म्हणून शाळेत गेले नाहीत.

मग तुरुंगच तुरुंग. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात इतर प्रांतांची माणसे भेटली, तिथे तमिळ शिकले. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि समोर बसून गुरुजी भरभर लिहून घेत. आज घरोघरी 'गीताप्रवचने' वाचली जातात ती त्या लिहून घेण्यामुळे. पारायणाला बसताना एवढे तरी आठवावे की विनोबांचे ते बोल कागदावर टिकले ते साने गुरुजींच्या हाताने.

आता पंढरपूर.

चोखोबांची समाधी कुठे आहे हे वारकऱ्याला सांगायला नको. महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले, चोखोबा त्यात गेले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. इथवर आणल्या, पण आत नाही. सहाशे वर्षे आपण त्या समाधीपुढे हात जोडले, चोखोबांचे अभंग कीर्तनात रंगून गायले, आणि त्यांच्या जातभाईंना मात्र त्याच उंबऱ्यावर थांबवले. मुखाने अभंग आणि हाताने आडकाठी, हे दोन्ही एकाच दिवशी एकाच माणसाकडून होत होते. गुरुजींना हे सोसवेना. 1946 साली त्यांनी मनाशी धरले की विठ्ठलाचे मंदिर सर्वांना, त्या काळी ज्यांना हरिजन म्हणत त्यांना, खुले व्हावे, आणि त्यासाठी आपण उपोषणाला बसावे.

सेनापती बापटांसारख्या वडीलधाऱ्यांनी त्यांना थोपवले. आधी लोकांना समजावून सांगा, मग प्राण पणाला लावा, असा त्यांचा आग्रह होता. गुरुजींनी तो मानला आणि कित्येक महिने सारा महाराष्ट्र पालथा घातला. बरोबर राष्ट्र सेवा दलाची पोरे, त्यांची गाणी आणि पथके. गावोगावी सभा व्हायच्या. कुठे पाणवठा सर्वांना मोकळा झाला, कुठे मारुतीचे देऊळ, तर कुठे शिव्या खाव्या लागल्या. गुरुजी बोलता बोलता रडत. त्यावर लोक हसतही. पण रडणाऱ्या माणसावर दगड उचलणे अवघड जाते, हे आमच्या एका म्हाताऱ्याने सांगितलेले आम्हाला खरे वाटते.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ज्यांच्यासाठी हे दार उघडायचे, त्यांतले पुष्कळ लोक तोवर या दाराकडे पाठ करून बसले होते. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या माणसांनी 1930 पासून वर्षानुवर्षे सत्याग्रह केला, दार उघडले नाही, आणि 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्मच सोडण्याचा निश्चय जाहीर केला. गुरुजींना हे ठाऊक होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, ते येवोत न येवोत, दार लावून घेतल्याचे पाप आपले आहे आणि ते आपणच फेडायचे. म्हणून आम्ही असे मानतो की ते उपोषण दलितांवर उपकार करण्यासाठी नव्हते. ते आपल्यासाठी होते, वारी करणाऱ्यांसाठी.

1 मे 1947 ला उपोषण सुरू झाले. पंढरपुरात त्यांना जागा मिळणे मुष्किल होते. कुशाबा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. तनपुरे महाराज वारकरी. त्यांच्यावर आपल्याच लोकांचा रोष आला, तो त्यांनी सोसला. ज्यांना वाटते की संप्रदाय त्या वेळी सगळाच्या सगळा दुसऱ्या बाजूला होता, त्यांनी हा मठ आठवावा. बाहेर गुरुजींना भीमेपलीकडे घालवून द्या म्हणून घोषणा चालायच्या. गुरुजी आत पडून राहिले. बडव्यांना कुणी वाईट बोललेले त्यांना खपत नसे.

उपोषण म्हणजे समोरच्याला वेठीस धरणेच की, असे कुणी म्हणेल. तेव्हाही म्हणत होते. ही शंका खोटी नाही. माणूस दारात मरायला टेकला की दार उघडणाऱ्याचे मन वळले की तो नुसता घाबरला, हे कसे ओळखायचे? गांधीजींनाही काही लोकांनी चुकीची हकिगत कळवली आणि त्यांनी तारेने उपोषण थांबवायला सांगितले. ज्यांना गुरू मानले त्यांचीच ही आज्ञा. गुरुजींनी हात जोडून नकार दिला, कारण पंढरपुरात काय चालले आहे ते त्यांना डोळ्यांनी दिसत होते. या चरित्रातला सर्वांत कठीण दिवस आम्हाला तो वाटतो. विरोधकाला नाही म्हणता येते, तिथे आपल्या बाजूचे लोक असतात. गुरूला नाही म्हणताना माणूस एकटा पडतो.

दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बोलणी झाली, मंदिर खुले करण्यास बडवे मंडळींनी संमती दिली आणि 10 मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिर प्रवेशाचा कायदा झाला.

पुढचे थोडक्यात. गांधीजींचा खून झाला तेव्हा गुरुजींनी 21 दिवसांचे उपोषण केले. आपल्याच महाराष्ट्रातल्या माणसाच्या हातून हे घडले याची शुद्धी म्हणून, आणि त्यानंतर इथे जी घरे जळाली त्याचेही दुःख होते. 15 ऑगस्ट 1948 ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक काढले. 11 जून 1950 रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपवली. काही जण याला मोठेपणा देऊ पाहतात. आम्हाला तसे वाटत नाही. एवढ्या माणसांची दुःखे उशाशी घेऊन बसणाऱ्याच्या उशाशी त्या रात्री कुणी नव्हते, याची हळहळ वाटते, बस.

आता आमच्या दिंडीचे. 1947 साली आमची दिंडी तरणी होती. आमच्या वाडवडिलांनी गुरुजींना विरोधही केला नाही आणि पाठिंबाही दिला नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हे अर्धेच खरे निघाले. मंदिर खुले झाल्यावर दिंडीतल्या तिघा-चौघा जाणत्यांनी आत जायचे सोडले, चंद्रभागेत स्नान करून कळसाला हात जोडून ते परत फिरायचे. त्यांतला एक आमच्यातल्याच एकाचा आजा. त्याची भक्ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तो रोज हरिपाठ करी, माळ चुकवत नसे. पण गाभाऱ्यात आपल्या शेजारी गावच्या दुसऱ्या टोकाचा माणूस उभा राहील म्हणून त्याने विठ्ठल सोडला, हेही तितकेच खरे.

आणि ती वही. दिंडीच्या शिध्याच्या सर्वांत जुन्या वहीत दर मुक्कामाला दोन नोंदी आहेत. एक दिंडीची, आणि खाली निराळी, 'मागचे' अशी. पीठ, डाळ, मीठ, दोन्हीकडे मोजून लिहिलेले. मागचे म्हणजे विण्याच्या मागे अंतर ठेवून चालणारे, निराळ्या चुलीवर जेवणारे. त्यांची नावे नाहीत, नुसता आकडा. कुठे सात, कुठे नऊ. पुढच्या वह्यांमध्ये ही खालची नोंद हळूहळू दिसेनाशी होते. चुली एक केल्याचा ठराव कुठे सापडला नाही. त्या सात-नऊ घरांतली काही घरे पुढे बौद्ध झाली आणि वारीला यायची थांबली. दोन घरे अजून आहेत. त्यांतल्या एका घरातल्या माउली गेली बारा वर्षे आमच्या स्वयंपाकाच्या ट्रकचा हिशेब ठेवतात, आणि जुन्या वह्या कपाटातून काढून आमच्यापुढे ठेवल्या त्याही त्यांनीच. ते पान त्यांनी आमच्या आधी वाचले होते.