जॉन ऑगस्टस : अनोळखी आरोपींना जामीन राहिलेला बूट-कारागीर

तुरुंगात न पाठवता आरोपीला समाजातच देखरेखीखाली ठेवायचे, त्याला सुधारण्याची संधी द्यायची, या पद्धतीला आपल्याकडे परिवीक्षा किंवा प्रोबेशन म्हणतात. आज जगातील अनेक देशांत ती आहे. तिची सुरुवात कुण्या न्यायाधीशाने वा कायदेपंडिताने केली नाही. ती केली अमेरिकेतील एका बूट बनवणाऱ्या कारागिराने. त्यांचे नाव जॉन ऑगस्टस.

ऑगस्टस यांचा जन्म १७८५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. लेक्सिंग्टन गावात त्यांनी बूट बनवण्याच्या धंद्यात जम बसवला आणि पुढे ते बोस्टन शहरात आले. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या एका संस्थेचे ते सभासद होते. त्या काळी सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन सापडलेल्या गरिबांची रवानगी सरळ सुधारगृहात, म्हणजे एका प्रकारच्या तुरुंगात होत असे. सुटून आलेला माणूस पुन्हा पितो, पुन्हा पकडला जातो, हे चक्र ऑगस्टस पाहत होते.

१८४१ च्या ऑगस्ट महिन्यात ते बोस्टनच्या पोलीस न्यायालयात बसले होते. फाटक्या कपड्यांतील एका माणसाला दारूच्या गुन्ह्यात उभे करण्यात आले. ऑगस्टस त्याच्याशी थोडा वेळ बोलले आणि न्यायालयाच्या परवानगीने त्याला जामीन राहिले. यापुढे दारू पिणार नाही, अशी प्रतिज्ञा त्या माणसाने केली. तीन आठवड्यांनी तो न्यायालयात परत आला तेव्हा शुद्धीवर होता आणि ओळखू येऊ नये इतका बदललेला होता. न्यायाधीशांनी एक सेंट दंड आणि खटल्याचा खर्च एवढ्यावर त्याला सोडून दिले.

यानंतर १८ वर्षे ऑगस्टस यांनी हेच काम केले. पुढे त्यांनी स्त्रिया आणि मुलांनाही जामीन राहायला सुरुवात केली. ते दिसेल त्याला सोडवत नसत. माणसाचे आधीचे वागणे, वय आणि सुटल्यावर तो कोणत्या संगतीत जाणार आहे, हे ते पाहत. सोडवल्यावर त्याला काम मिळवून देत, मुलांना शाळेत घालत, जागा नसेल तर आपल्या घरी ठेवून घेत. प्रत्येकाची नोंद वहीत करत आणि मुदत संपली की न्यायालयाला खरा अहवाल देत. आजचा परिवीक्षा अधिकारी जी कामे करतो, त्यांतली बहुतेक कामे ऑगस्टस तेव्हा बिनपगारी करत होते.

१८५८ पर्यंत त्यांनी १,९४६ जणांना जामीन दिला. त्यांत ७९४ स्त्रिया होत्या. त्यांनीच दिलेल्या हिशेबाप्रमाणे पहिल्या १,१०० पैकी एकाचाच जामीन जप्त झाला. तरी विरोध झालाच. आरोपी तुरुंगात गेला की अधिकाऱ्यांना काही सेंटांची फी मिळे, जामीन झाला की ती बुडे. वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. धंदा मागे पडला आणि लोकांच्या देणग्यांवर हे काम चालू राहिले. २१ जून १८५९ रोजी बोस्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून बोस्टनमध्ये पगारी परिवीक्षा अधिकारी नेमला. हळूहळू इतर राज्यांनीही तसे कायदे केले. पण एक अडचण राहिली. ऑगस्टस यांची माणसे त्यांच्या नजरेसमोर, एकाच शहरात होती. माणूस कामासाठी किंवा कुटुंबाकडे दुसऱ्या राज्यात गेला तर काय? एका राज्याच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या राज्यात अधिकार नव्हता. काही ठिकाणी तर राज्य सोडून जायचे, या अटीवरच सुटका होत असे. म्हणजे आपली जबाबदारी शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकणे.

यावर तोडगा म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९३४ मध्ये राज्यांना आपसात करार करण्याची मुभा दिली. १९३७ मध्ये असा करार झाला आणि १९५१ पर्यंत तेव्हाची सर्व ४८ राज्ये त्यात आली. २००२ मध्ये त्याची जागा नव्या, अधिक कडक कराराने घेतली. नव्या राज्यात कुटुंब आहे का, उदरनिर्वाहाचे साधन आहे का, याची तेथील अधिकारी ४५ दिवसांत चौकशी करतात. स्वीकार झाला की ते राज्य त्या माणसावर स्वतःच्या आरोपीसारखीच देखरेख ठेवते. चौकशीतले हे प्रश्न ऑगस्टस यांच्या प्रश्नांच्या जवळचेच आहेत.

आपल्याकडे परिवीक्षा कायदा १९५८ चा आहे. त्याच्या कलम ४ नुसार आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला ठरावीक राहण्याचे ठिकाण अथवा नियमित काम असावे लागते. ते न्यायालयाच्या हद्दीत असावे, किंवा आरोपी त्या काळात जिथे राहणार आहे तिथे असले तरी चालते. म्हणजे दुसऱ्या ठिकाणी राहण्याची वाट कायद्याने बंद केलेली नाही. पण बीडचा ऊसतोड मजूर सहा महिने कर्नाटकातील फडावर असतो. त्याच्या नावाने कागद एका जिल्ह्यातून दुसऱ्या राज्यात कुणी पोहोचवायचा? ते कुणी केले नाही, तर त्याला हजेरी आणि मजुरी यांतले एक निवडावे लागते. ज्याच्याकडे ठरावीक पत्ताच नाही, अशा भटक्या-विमुक्त माणसाची अडचण याहून मोठी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांच्या हिंडण्याफिरण्यावर पाळत ठेवली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणून परिवीक्षेच्या नावाखाली पुन्हा पाळत येऊ नये, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

पाळत ठेवणारा माणूस कुठे गेला एवढेच विचारतो. ऑगस्टस मात्र त्याला काम मिळाले का, डोक्यावर छप्पर आहे का, हे विचारत. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या मजुरासाठी दोन्ही राज्यांच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांमध्ये थेट संपर्काची सोपी पद्धत हवी, आणि तिच्या अर्जात पहिले दोन रकाने याच प्रश्नांचे असावेत. वकील, विधी सेवा प्राधिकरणे आणि आपल्या वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरायला हवी.