फादर डेमियन : आपण या शब्दाची किंमत

मराठीत आम्ही आणि आपण ही दोन सर्वनामे निराळी आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आम्ही म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. आपण म्हटले की तो आत येतो. फादर डेमियन यांचे चरित्र वाचताना हा भेद ध्यानात ठेवा.

डेमियन यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात झाला. थोरले बंधू पॅम्फिल यांच्या पाठोपाठ ते कॅथलिक धर्मसंघात दाखल झाले. हवाई बेटांवर जाण्यासाठी निवड झाली होती ती पॅम्फिल यांची. ते आजारी पडल्यामुळे डेमियन त्यांच्या जागी गेले. मार्च १८६४ मध्ये ते होनोलुलूला पोहोचले आणि त्याच वर्षी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

हवाईच्या राज्याने १८६५ साली कुष्ठरोग्यांना समाजापासून वेगळे करणारा कायदा केला. पुढच्या वर्षापासून रुग्णांना मोलोकाई बेटाच्या उत्तर टोकावर नेऊन सोडण्यात येऊ लागले. तिथे तीन बाजूंना समुद्र आणि चौथीकडे उभा कडा होता. या रोगावर तेव्हा औषध नव्हते, त्यामुळे परतीची आशाही नव्हती. १० मे १८७३ रोजी डेमियन स्वेच्छेने तेथे गेले. मुक्काम काही आठवड्यांचाच ठरला होता. पण ते अखेरपर्यंत राहिले.

त्यांनी रुग्णांच्या जखमा धुतल्या, घरे बांधली, नळाने पाणी आणले. मृतांसाठी शवपेट्या केल्या आणि कबरीही खणल्या. गायकवृंद व वाद्यवृंद उभे केले. मरणाची वाट पाहणाऱ्या वस्तीत सण साजरे होऊ लागले.

पहिल्याच वर्षी त्यांनी पॅम्फिल यांना कळविले, की प्रवचनात आपण श्रोत्यांना बंधूंनो असे न म्हणता, स्वतःलाही त्यांच्यात धरून आपण कुष्ठरोगी असे म्हणतो. त्या वेळी ते पूर्णपणे निरोगी होते. हा शब्द त्यांनी आधी उच्चारला. त्याची किंमत नंतर चुकती केली. एकदा त्यांना भेटण्यास आलेल्या वरिष्ठ धर्मगुरूंना कप्तानाने किनाऱ्यावर उतरू दिले नाही. तेव्हा डेमियन होडीतून जहाजापाशी गेले आणि खालूनच, मोठ्या आवाजात, त्यांनी आपल्या पापांची कबुली दिली. १८८४ च्या अखेरीस कढत पाण्याने पाय पोळला, पण वेदना झाली नाही. रोग जडला होता.

येथे तुम्हांला प्रश्न पडेल, की अशा जीवनात आनंद कुठला? आजारपणात लिहिलेल्या पत्रांत मात्र डेमियन आपण सुखी असल्याचे सांगतात. एकटेपणाची खंतही त्या पत्रांत आहे. त्यांचा आनंद दुःख नाकारून आलेला नव्हता. ख्रिस्त दुःखितांमध्येच भेटतो, ही श्रद्धा ते धर्मग्रंथातून शिकले होते. मोलोकाईवर ती त्यांच्या अनुभवाची झाली. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

आनंदवनाचे बाबा आमटे यांना १९८३ साली मिळालेल्या डेमियन-डटन पुरस्कारात याच डेमियन यांचे नाव आहे. आज कुष्ठरोग औषधाने बरा होतो. परंतु आम्ही आणि ते ही भाषा अजून संपलेली नाही. तुमच्या परिसरात ती कोणाविषयी वापरली जाते, याचा विचार करून दहा ओळी लिहा.