अध्यक्ष वुड्रो विल्सन

युद्ध जिंकण्यासाठीं एकत्र आलेलीं राष्ट्रें तह करावयास बसलीं म्हणजे त्यांचे हेतु एकच राहतात असें नाहीं. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रावरून चांगली ध्यानांत येते, त्या अमेरिकेच्या वुड्रो विल्सन ह्यांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

विल्सन ह्यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजीं व्हर्जिनिया संस्थानांत झाला. वडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. त्यामुळें कर्तव्याची कडक जाणीव त्यांस घरींच लाभली. प्रिन्स्टन विद्यापीठांत ते प्राध्यापक व १९०२ सालीं प्रमुख झाले. १९१२ सालीं ते राष्ट्राध्यक्ष निवडून आले. १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत पडली, व १९१८ च्या जानेवारींत त्यांनीं न्याय्य तहाचीं चौदा कलमें जगापुढें मांडलीं.

१९१९ च्या जानेवारींत पॅरिस येथें शांतता परिषद भरली. फ्रान्सच्या क्लेमेन्सो ह्यांनीं १८७० व १९१४ सालच्या जर्मनांच्या दोन्ही स्वाऱ्या पाहिल्या होत्या. जर्मनीनें पुन्हां डोकें वर काढूं नये हीच त्यांची चिंता. इंग्लंडच्या लॉइड जॉर्ज ह्यांस नुकसानभरपाई हवी होती. परंतु जर्मनी अगदींच बुडाली तर आपला व्यापारही बसेल हें ते जाणून होते. इटलीस फ्यूम बंदर हवें होतें, जपानास चीनमधील शांटुंग. विल्सन ह्यांस राष्ट्रसंघ हवा होता, व तो पदरांत पडावा म्हणून त्यांनीं एकामागून एक तडजोडी पत्करल्या. शांटुंगमधील जर्मनांचे हक्क जपानास गेले. सर्व वंशांस समान लेखावें ही जपानची सूचना तर बहुमत पडूनही, एकमत नाहीं म्हणून, अध्यक्षस्थानावरून त्यांनींच नामंजूर केली. हिंदुस्थानास स्वयंनिर्णयाचा हक्क मिळावा म्हणून लोकमान्य टिळकांनीं लंडनहून धाडलेलें निवेदनही निष्फळ झालें. हा विल्सन ह्यांच्या कीर्तीवरील डाग आम्ही झांकीत नाहीं.

२८ जून १९१९ रोजीं व्हर्साय येथें तहावर सह्या झाल्या. पुढें अमेरिकेच्या सेनेटांत विरोधकांनीं कांहीं अटी घातल्या. पॅरिसमध्यें परक्यांपुढें इतके नमलेले विल्सन स्वदेशीं मात्र एक पाऊल मागें घेईनात. लोकमत वळविण्यासाठीं ते आगगाडीनें देशाच्या पश्चिम भागांत हिंडले. प्रकृति ढासळली, व ऑक्टोबरांत त्यांस अर्धांगवायु झाला. सेनेटनें तह फेटाळला. ज्या राष्ट्रसंघासाठीं त्यांनीं एवढें सोसलें, त्यांत त्यांचेंच राष्ट्र शिरलें नाहीं. १९१९ सालचें नोबेल शांतिपारितोषिक त्यांस मिळालें. ३ फेब्रुवारी १९२४ रोजीं ते निवर्तले. पुढें १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटलें. तें संपल्यावर १९४५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, त्यांत अमेरिका आरंभापासून होती.

विद्यार्थिमित्रांनो, उच्च हेतु असणें हें निम्मेंच काम होय. कोठें नमावें व कोठें नमूं नये हा विवेक एवढ्या विद्वानासही साधला नाहीं. भांडण जिंकणें सोपें. जिंकल्यावर हरलेल्याशीं, आणि त्याहूनही आपल्या सोबत्यांशीं, न्यायानें वागणें कठीण. त्याचा अभ्यास शाळेंतच आरंभिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.