टिमचा पोरगा ते जेफ बकली

वडिलांनी सोडून दिलेलं आडनाव घेऊन जगायचं, त्यांच्याच क्षेत्रात उतरायचं आणि वर लोकांनी म्हणायचं, अगदी वडिलांवर गेलाय! ज्या बापासोबत आयुष्यातले मोजून काही दिवस काढले, त्याच्याशी रोज तुलना झाली तर कसं वाटेल? 'ग्रीटिंग्ज फ्रॉम टिम बकली' हा २०१२चा सिनेमा याच प्रश्नाभोवती फिरतो. डॅनियल अल्ग्रांट यांनी दिग्दर्शित केलेल्या या सिनेमात पेन बॅजली जेफ बकली झालाय. हो, 'गॉसिप गर्ल' आणि 'यू'वाला तोच. गाणीही त्याने स्वतःच गायलीत. पण सिनेमा थांबतो तो एका कॉन्सर्टपाशी. जेफची खरी गोष्ट त्याच्या बरीच मागे सुरू होते आणि बरीच पुढे जाते.

जेफचा जन्म १७ नोव्हेंबर १९६६चा, कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमचा. वडील टिम बकली तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते आणि त्यांचा पहिला अल्बम नुकताच आला होता. फोक, जॅझ, फंक असं सगळं करून बघणारा हा भन्नाट आवाजाचा गायक पुढच्या आठ वर्षांत, हा पहिला धरून, तब्बल नऊ अल्बम करणार होता. पण मुलगा जन्मायच्या आधीच त्यांनी संसार सोडला होता. आई मेरी गिबर्टने पोराला वाढवलं. पुढे तिने दुसरं लग्न केलं आणि सावत्र वडिलांचं आडनाव लावून हा मुलगा झाला स्कॉटी मूरहेड. गंमत म्हणजे त्याला रॉकचं वेड लावलं ते या सावत्र वडिलांनीच. त्यांनी हातात ठेवलेला लेड झेपलिनचा 'फिजिकल ग्राफिटी' हा जेफचा स्वतःचा असा पहिला अल्बम.

खऱ्या वडिलांशी म्हणावी तशी भेट झाली ती १९७५मध्ये. जेफ तेव्हा आठ वर्षांचा. आई त्याला टिमच्या कार्यक्रमाला घेऊन गेली आणि मग तो काही दिवस वडिलांकडे राहिला. बस्स, तेवढंच. दोन-तीन महिन्यांतच, २९ जून १९७५ला, ड्रग्जच्या ओव्हरडोसने टिम गेले. वय अवघं २८. अंत्यविधीला जेफला कुणी बोलावलंच नाही. निरोप घ्यायचा राहून गेला ही सल त्याच्या मनात कायम राहिली. त्यानंतर त्याने मूरहेड हे नाव सोडलं आणि तो जेफ बकली झाला. जो बाप मिळाला नाही, त्याचं निदान आडनाव तरी लावायचं.

शाळेनंतर त्याने हॉलिवूडच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये गिटारचा कोर्स केला. मग पोटासाठी हॉटेलात काम आणि जमेल त्या बँडमध्ये गिटार. विशेष म्हणजे या काळात तो गायचं टाळत होता. बकली आडनावाच्या मुलाने तोंड उघडलं की लोक काय म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ते टाळणं संपलं २६ एप्रिल १९९१ला. न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स चर्चमध्ये हॅल विलनर यांनी टिमच्या स्मरणार्थ कॉन्सर्ट ठेवली होती. त्यात जेफने वडिलांचं 'आय नेव्हर आस्क्ड टू बी युअर माउंटन' हे गाणं निवडलं. निवड साधीसुधी नव्हती. संसारातून बाहेर पडलेल्या टिमने हे १९६७चं गाणं लिहिलं होतं ते जेफ आणि त्याच्या आईबद्दलच! ज्या गाण्यात आपल्याला मागे सोडल्याची गोष्ट आहे, तेच गाणं मुलगा वडिलांच्या चाहत्यांसमोर उभा राहून गात होता. शेवटी 'वन्स आय वॉज' गाताना गिटारची तार तुटली, तर उरलेलं गाणं त्याने नुसत्या आवाजावर पूर्ण केलं. वडिलांच्या जिवावर करिअर उभं करायला तो आलाच नव्हता. राहून गेलेला निरोप घ्यायला आला होता. पण त्या रात्रीनंतर संगीतवाल्यांच्या तोंडी त्याचं नाव झालं, हेही तितकंच खरं.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने 'टिमचा वारस' असा बोर्ड लावून दुकान मांडलं असतं. जेफने १९९२मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधला 'शिने' नावाचा चिमुकला कॅफे गाठला. एक इलेक्ट्रिक गिटार, समोर कॉफी पिणारी माणसं आणि दर सोमवारी गाणं. काय गायचं? नीना सिमोन, एडिथ पियाफ, व्हॅन मॉरिसन, लेड झेपलिन... आणि चक्क नुसरत फतेह अली खान! 'ये जो हल्का हल्का सुरूर है' ही कव्वाली या अमेरिकन मुलाने उर्दू शब्दांसकट बसवली होती. नुसरतना तो एल्विसच्या जागी मानायचा. पुढे १९९६मध्ये एका मासिकासाठी त्याने त्यांची मुलाखतही घेतली. आपला आवाज त्याने असा घडवला. रक्तातून आलं ते होतंच, पण बाकीचे गुरू त्याने स्वतः निवडले. बघता बघता त्या छोट्या कॅफेबाहेर रेकॉर्ड कंपन्यांच्या लांबलचक गाड्या लागू लागल्या आणि कोलंबियाने त्याला साइन केलं.

ऑगस्ट १९९४मध्ये 'ग्रेस' आला. अमेरिकेत सुरुवातीला तो काही फार खपला नाही. बिलबोर्डच्या यादीत १४९व्या क्रमांकापर्यंतच पोचला. पण डेव्हिड बोवी, लेड झेपलिनचा जिमी पेज असे दिग्गज त्यावर फिदा झाले. लहानपणी ज्याची गिटार ऐकत मोठा झाला, तोच आता आपला फॅन! लेनर्ड कोहेन यांचं 'हालेलुया' आज जगभर ज्या हळव्या रूपात ओळखलं जातं, त्यात या अल्बमचा वाटा मोठा आहे. हे गाणं त्यातलं सगळ्यांत लोकप्रिय झालं, पण त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

दुसऱ्या अल्बमच्या तयारीसाठी तो मेम्फिसला राहायला गेला. २९ मे १९९७च्या संध्याकाळी बँडमधले सोबती शहरात पोचणार होते. त्याआधी तो अंगावरच्या कपड्यांनिशी, झेपलिनचंच गाणं म्हणत वुल्फ नदीच्या पाण्यात उतरला आणि परत आलाच नाही. ४ जूनला त्याचा मृतदेह सापडला. वय ३०. बापासारखाच गेला, असा निष्कर्ष अनेकांनी लगेच काढून टाकला. पण शवविच्छेदनात ना ड्रग्ज सापडले, ना दारू. तो अपघात होता. मेल्यावरही तुलनेने पाठ सोडली नाही.

त्याच्या हयातीत पूर्ण झालेला स्टुडिओ अल्बम हा एकच. त्यातलं शेवटचं गाणं 'ड्रीम ब्रदर' जरूर ऐका. जेफचा एक मित्र आपल्या गरोदर जोडीदाराला सोडून जायच्या विचारात होता. माझ्या बापाने केलं तसं तू करू नकोस, हे सांगण्यासाठी जेफने हे गाणं लिहिलं. टिमने घर सोडल्यावर गाणं केलं होतं. मुलाने गाणं केलं ते दुसऱ्या कुणाचं तरी घर वाचावं म्हणून.